चोवीस तासांचे बीपी यंत्र: कोणत्या दिवशी लावावे आणि अहवाल कसा वाचावा

बेळगावच्या वडगाव भागातून एका यंत्रमागधारक गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे वय ४८. दवाखान्यात दोन वेळा तपासले तेव्हा रक्तदाब १५८/९६ च्या आसपास भरला. घरच्या यंत्रावर मात्र तो १२८/८२ दिसतो. एका डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितली, दुसऱ्यांनी आधी चोवीस तास अंगावर बाळगायचे यंत्र लावून घ्या असे सुचवले. हे यंत्र लावून माग चालवता येतील का, की तो दिवस घरी विश्रांती घेऊन काढावा, रात्री झोप लागेल का, आणि घरात यंत्र असताना हा वेगळा खर्च कशासाठी, असे ते विचारतात. शेवटी आपल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईलाही, बीपीची गोळी चालू असताना उठताना चक्कर येते म्हणून, हे यंत्र लावावे का, अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे.

मी बेळगावातच वैद्यकीय व्यवसाय करतो, आणि खानापूर, निपाणी, संकेश्वर, शिवाय पलीकडच्या चंदगड तालुक्यातून येणाऱ्या रुग्णांना हे यंत्र लावण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. त्या अनुभवावरून लिहितो. आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे यातील काही गोष्टी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्या लागतील.

आपला खरा प्रश्न माग चालू ठेवण्याचा नाही, तर दोन आकड्यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हा आहे. माझे उत्तर असे की दोन्ही आकडे खरे असू शकतात. डॉक्टरांसमोर बसलेले असताना आपला रक्तदाब खरोखरच १५८ झाला असेल आणि घरी निवांत बसलेले असताना तो खरोखरच १२८ असेल. परंतु गोळीचा निर्णय या दोन बैठकांवर घ्यायचा नसतो. सकाळी मागांच्या खडखडाटात, दुपारी सूत व्यापाऱ्याशी हिशेब करताना, संध्याकाळी बाजारात आणि रात्री झोपेत मिळून आपल्या रक्तवाहिन्या सरासरी किती दाब सोसतात, यावर तो घ्यायचा असतो. दवाखान्यातच वाढणारा आणि एरवी ठीक असणारा रक्तदाब आम्हा डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. त्याच्या उलट, दवाखान्यात अगदी सभ्य वाटणारा पण कामाच्या ठिकाणी किंवा रात्री वर राहणारा छुपा रक्तदाबही असतो, आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्याचा संशयच कोणाला येत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०११ सालापासून दवाखान्यात रक्तदाब वाढलेला आढळल्यास निदान पक्के करण्यासाठी हीच चोवीस तासांची तपासणी सुचवली आहे. म्हणून आपल्या दुसऱ्या डॉक्टरांनी काही जगावेगळे सांगितलेले नाही.

घरच्या यंत्राचे मोल मी कमी लेखत नाही. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, प्रत्येक वेळी दोन नोंदी घ्याव्यात आणि पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. एवढे कोणी नेटाने केले तर त्यावरून बराच निर्णय करता येतो. अडचण अशी की बहुतेक घरांत यंत्र निघते ते जेवण झाल्यावर किंवा सुटीच्या दिवशी, आणि चांगला आकडा आला की तोच लक्षात राहतो. आपले १२८ हे कोणत्या वेळचे आहे, हे आपण लिहिलेले नाही. घरचे साधे यंत्र झोपेतला रक्तदाब सांगत नाही आणि कामाच्या ऐन गर्दीतलाही सांगत नाही. पुढे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाला होणाऱ्या त्रासाचा अंदाज मात्र रात्रीच्या आकड्यांवरून बराच बांधता येतो. वेगळा खर्च होतो तो या दोन गोष्टींसाठी. मनगटावरच्या घड्याळात दिसणारा बीपी हा यातल्या कशालाही पर्याय नाही, एवढेच सांगून तो विषय सोडतो.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देतो, कारण अनेक जण त्याची होल्टरशी गल्लत करतात. होल्टर छातीवर चिकटवलेल्या तारांनी हृदयाचे ठोके नोंदवतो. इथे दंडाला नेहमीसारखा पट्टा असतो, त्याची रबरी नळी मानेमागून फिरवून कमरेला अडकवलेल्या हातात मावेल एवढ्या डबीपर्यंत आणतात, आणि ती डबी ठरलेल्या वेळी आपोआप पट्टा फुगवते: दिवसा साधारण दर पंधरा ते तीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासाने किंवा तासाने. पट्टा सैल होत असताना धमनीच्या स्पंदनांचे जे सूक्ष्म धक्के जाणवतात त्यांवरून ती आकडा काढते. हात हलत असला तर तेच धक्के विस्कटतात आणि नोंद फसते. मग यंत्र काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढ्यासाठी दंड आणखी एकदा आवळला जातो. दुचाकीवर खड्ड्यांतून जाताना किंवा खचाखच भरलेल्या बसमध्ये उभे राहून दांडी धरलेली असताना हमखास हेच घडते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. माग बंद ठेवू नका. विश्रांतीच्या दिवशी यंत्र लावणे म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीच्या गल्ल्यावरून दुकानाचा धंदा जोखण्यासारखे आहे. अहवाल छान येईल, पण तो आपल्या नेहमीच्या आयुष्याचा नसेल. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत ही प्रवृत्ती फार आहे. यंत्र म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत पास व्हायचे, या भावनेने ते त्या दिवशी चहा सोडतात, लोणचे बाजूला ठेवतात, भांडण टाळतात आणि रात्री नऊला अंथरुणात शिरतात. कृपया असे करू नका. जो चहा रोज घेता तो घ्या, जेवण रोजचे घ्या, चालू असलेली औषधे डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रोजच्या वेळी घ्या. उलट बाजूने, घरात लग्न असेल, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असेल, निर्जळी उपवास असेल किंवा ताप असेल, तर तो दिवसही निवडू नका. बाहेरगावच्या रुग्णांची पंचाईत वेगळीच होते. खानापूरहून किंवा चंदगडहून आलेला माणूस यंत्र लावून घेतो आणि आलोच आहोत तर म्हणून दिवसभर बेळगावच्या बाजारात पायपीट करतो. त्यांना मी सकाळी लवकर बोलावतो आणि यंत्र लागले की सरळ गावी जाऊन आपल्या कामाला लागायला सांगतो. दवाखान्यातून बाहेर पडल्यानंतरचा पहिला तास बहुतेकांचा थोडा चढाच असतो, त्यामुळे त्या नोंदींना मी फारसे वजन देत नाही.

मागावर काम करताना मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली सुरक्षिततेची. नळी शर्टाच्या आतून न्या, बाहेर तिचा फास लोंबकळत ठेवू नका. मोटारीचा बेल्ट, फिरते चाक आणि धावता धोटा यांच्याजवळ लोंबणारी नळी ही खरी जोखीम आहे, आणि तिच्यापुढे रक्तदाबाचा प्रश्न गौण ठरतो. आपण स्वतः मागावर उभे राहता की कामगारांवर देखरेख करता, यावर इथे बरेच अवलंबून आहे. स्वतः तुटलेला धागा जोडत असाल आणि कांड्या बदलत असाल तर यंत्र लावायच्या दिवशी मागाला हात लावण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि आपण त्याच शेडमध्ये, त्याच आवाजात, त्याच घाईत वावरावे, असे मी सुचवीन. दुसरी गोष्ट हाताची. पट्टा शक्यतो कमी वापराच्या हाताला, म्हणजे उजव्या माणसाच्या डाव्या दंडाला बांधतात. मात्र दोन्ही हातांच्या रक्तदाबात दहापेक्षा अधिक फरक असेल तर जास्त आकडा येणारा हात घ्यावा लागतो. पट्टा आवळू लागला, की हातातले काम सोडून उभे किंवा बसलेले जसे असाल तसे थांबायचे, हात सैल सोडायचा, मूठ आवळायची नाही आणि बोलायचे नाही. एवढा अर्धा-पाऊण मिनिट पाळला की नोंद नीट येते. दुचाकीवर असाल तर कडेला थांबा. चालत्या गाडीवर दंड अचानक आवळला गेल्याने होणारी दचकण मला पसंत नाही.

पट्ट्याचे माप ही दवाखान्याची जबाबदारी असली तरी रुग्णाने विचारायला हरकत नाही. पट्ट्यातील हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान ऐंशी टक्के भाग वेढणारी असावी. भरदार दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाचच वाढून येतो, आणि वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या माणसाचे दंड भरदार असतात, ही गोष्ट घाईत विसरली जाते. यंत्र लावायला येताना अंघोळ उरकून या, कारण ते काढेपर्यंत पाणी लागू द्यायचे नाही, आणि सैल बाहीचा शर्ट घाला. बायकांना मी दोन दिवस आधीच सांगतो की घट्ट बाहीचा ब्लाउज त्या दिवशी चालणार नाही. ऐन वेळी बाही दुमडून वर सरकवली की तिचाच फास दंडाला बसतो. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केलेला असेल किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूचा हात वापरू देऊ नका. नाडी सतत अनियमित असणाऱ्यांत या यंत्राचे आकडे तितके भरवशाचे नसतात.

झोपेचे खरे सांगायचे तर थोडी मोडते. पहिल्या दोन-तीन वेळा पट्टा फुगला की जाग येते, मग बहुतेकांना सवय होते. काहींना होत नाही. डबी उशाशी किंवा उशीखाली ठेवावी, नळी अंगाखाली दबू देऊ नये, आणि पट्टा बांधलेल्या कुशीवर शक्यतो झोपू नये. सकाळी दंडावर बारीक लाल ठिपके दिसले तर घाबरू नका, ते चार दिवसांत जातात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना काळेनिळे डाग पडू शकतात, म्हणून त्यांनी तसे आधी सांगावे. बोटे सुन्न पडू लागली, हात सुजला किंवा दंड असह्य दुखू लागला तर मात्र पहाटेची वाट न पाहता पट्टा सोडून टाका. अपुऱ्या नोंदींची तपासणी पुन्हा करता येते.

या तपासणीत सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सोबत दिलेला कागद. त्यावर आपण कधी झोपलो, कधी उठलो, गोळी कधी घेतली, काय काम केले आणि काय त्रास झाला हे लिहायचे असते. आमच्या भागात तो छापील कागद बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि अनेक रुग्ण तो कोराच परत आणतात. म्हणून मी साध्या वहीच्या पानावर मराठीत वेळेचे रकाने आखून देतो. त्याचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात पाळीने काम करणारे एक गृहस्थ गळिताच्या हंगामात माझ्याकडे आले. यंत्रात रात्र म्हणजे दहा ते सहा असे आधीच भरलेले होते, आणि अहवालात ठळक अक्षरांत आले की यांचा रक्तदाब रात्री उतरण्याऐवजी चढतो. अहवाल एवढाच वाचला असता तर हृदयाच्या काळजीने ते हैराण झाले असते. वहीचे पान पाहिले तर ते त्या रात्री पाळीवर होते आणि सकाळी आठ ते दुपारी दोन झोपले होते. तेवढ्या तासांच्या नोंदी वेगळ्या काढून सरासरी घेतली, तेव्हा झोपेतला रक्तदाब व्यवस्थित उतरलेला दिसला. दिवसाचा आकडा वाढलेला होता, त्यावर उपचार झालेच, पण ते कारणानिशी झाले.

दुसरे पान निपाणीकडच्या एका बाईंचे आठवते. आलेखावर सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी असे तीन सुळके होते. कागदावर त्यांच्या सुनेने प्रामाणिकपणे तीनही वेळी ‘मशेरी’ एवढाच शब्द लिहिला होता. तंबाखूने रक्तदाब तात्पुरता चढतो हे सगळ्यांना सांगून झालेले असते. आपल्याच आलेखावर तो चढलेला दाखवला की माणूस निदान ऐकून तरी घेतो. आपण पान, तंबाखू किंवा विडी घेत असाल तर तेही संकोच न करता लिहा. दुपारी जेवून वामकुक्षी करत असाल तर तीही लिहा, कारण तासभराच्या झोपेने दिवसाची सरासरी खाली ओढली जाते.

अहवाल हाती आल्यावर बहुतेकांची नजर पहिल्यांदा सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. जिना चढताना किंवा कोणावर चिडलेले असताना एखादी नोंद १७८ आली म्हणून काही बिघडत नाही. निरोगी माणसाचाही रक्तदाब दिवसभर वरखाली होतो. पाहायच्या त्या सरासऱ्या. दवाखान्यात मर्यादा १४०/९० ची धरतात, परंतु चोवीस तासांच्या एकूण सरासरीसाठी ती १३०/८०, जागेपणीच्या सरासरीसाठी १३५/८५ आणि झोपेतल्या सरासरीसाठी १२०/७० अशी आहे. अमेरिकेत २०१७ सालापासून याहून खालच्या मर्यादा मानतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधणाऱ्याला वेगळे आकडे सापडतील; मी वर दिलेल्या, युरोपात रूढ असलेल्या मर्यादा वापरतो. त्याआधी तपासणी ग्राह्य आहे का ते पाहावे लागते: ठरलेल्या नोंदींपैकी निदान सत्तर टक्के यशस्वी असाव्यात, त्यांत जागेपणीच्या किमान वीस आणि झोपेतल्या किमान सात असाव्यात. यापेक्षा कमी असतील तर मी त्यावरून गोळी लिहीत नाही.

मग पाहायची झोपेतली घट. समजा जागेपणीची सरासरी १३१/८३ आणि झोपेतली ११६/६८ आली. वरचा आकडा पंधराने, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के उतरला. दहा ते वीस टक्के घट ही अपेक्षित असते. ती दहापेक्षा कमी असली तर घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जेवणातले जादा मीठ या दिशांनी शोध घेतो; पण ज्यांना यंत्रामुळे रात्रभर झोपच लागली नाही त्यांच्यात हा निष्कर्ष मी काढत नाही. एकाच माणसाची ही घट दोन वेगवेगळ्या रात्री वेगळी येऊ शकते, म्हणून ‘रात्री उतरत नाही’ हा शिक्का एका अहवालावर मारण्याची घाई नसावी.

आपल्या बाबतीत पुढे काय होईल? वरच्या उदाहरणासारखे आकडे आले तर आपला वाढलेला रक्तदाब दवाखान्यापुरता आहे असे समजून, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास नसेल तर, बहुतेक डॉक्टर गोळी थांबवून ठेवतील. याचा अर्थ सुटका झाली असा नाही. अशा लोकांत पुढे खरा उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून घरच्या यंत्रावर नीट पद्धतीने लक्ष ठेवावे आणि दर वर्षी पुन्हा पाहावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, ठेवण्याचा सल्ला तर त्यांनाही लागू आहे, आणि त्यात पापड, लोणचे, सुकी मासळी सगळे मोजायचे. सरासऱ्या मर्यादेच्या बऱ्याच वर आल्या तर पहिल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य होता असे समजून गोळी सुरू करावी, पुन्हा तिसरे मत घेत फिरू नये. मधल्या पट्ट्यात आल्या, म्हणजे जागेपणीची १३३ किंवा १३६, तर निर्णय आपल्या इतर तपासण्यांवर अवलंबून राहील आणि दोन डॉक्टरांचे मत इथे प्रामाणिकपणे वेगळे पडू शकते. उन्हाळ्यात रक्तदाब थोडा खाली असतो आणि थंडीत थोडा वर, हेही अशा काठावरच्या आकड्यांत मी लक्षात घेतो.

एक स्पष्ट अपवाद सांगायलाच हवा. रक्तदाब १८० किंवा ११० च्या वर असून छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक अंधारी येणे यांपैकी काही असेल, तर यंत्राची वेळ घेत बसू नका, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा. यांतले कोणतेही लक्षण असेल तर आकडा कितीही असो, थांबू नये.

राहिला आपल्या आईंचा प्रश्न. त्यांना यंत्र लावावे असे मला वाटते, पण कारण वेगळे आहे: त्यांचा रक्तदाब चढतो का यापेक्षा गोळीमुळे तो कधी फार उतरतो का, हे पाहायचे आहे. आधी दवाखान्यात आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला तर बरेचसे उत्तर तिथेच मिळेल. मग यंत्र लावले, की चक्कर आल्याबरोबर त्यांना बसवून डबीवरचे बटण दाबा. बहुतेक यंत्रांत अशी जादा नोंद घेता येते. चक्कर आलेली वेळ आणि गोळी घेतल्याची वेळ एकाच कागदावर असली, तर गोळी कमी करायची, तिची वेळ बदलायची की चक्करचे कारण कानात किंवा रक्ताच्या कमतरतेत शोधायचे, हे त्यांच्या डॉक्टरांना ठरवता येईल. तोपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कागद मात्र त्यांच्यावर सोपवू नका. घरात दिवसभर त्यांच्याजवळ जे असेल त्यानेच तो भरावा, आणि रात्री त्या बाथरूमला उठतील त्या वेळाही त्यात लिहाव्यात.